डार्विनचा पत्रव्यवहार : तीस खंडांच्या आवृत्तीचें परीक्षण

पत्रसंग्रहाचें नांव काढलें कीं आमच्या वाचकांपुढें दप्तरांतील रुमाल, वकिलांचीं बातमीपत्रें आणि सरदारांचे तगादे उभे राहतात. कबुतरें, शिंपले, वेली व गांडुळें यांविषयीं लिहिलेलीं पत्रें या त्रैमासिकांत परीक्षणास कशासाठीं घेतलीं, असा प्रश्न कोणी केला तर तो अवाजवी म्हणतां येणार नाहीं. आमचें उत्तर असें कीं, पत्रांचा विषय कोणताहि असो, तीं मिळविणें, ताडून पाहणें, त्यांच्या मित्या ठरविणें आणि जशींच्या तशीं छापणें हें शास्त्र एकच आहे. त्या शास्त्राचा परकीय विद्वानांनीं केलेला एक मोठा प्रयोग आमच्या डोळ्यांदेखत पुरा झाला. त्यांतून आपण काय घ्यावें व काय टाकावें, याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हा प्रयोग म्हणजे केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें इ. स. १९८५ पासून २०२३ पर्यंत तीस खंडांत छापलेला चार्ल्स डार्विन (१८०९–१८८२) याचा पत्रव्यवहार. या कार्याचा आरंभ फ्रेडरिक बर्कहार्ट या अमेरिकन विद्वानानें १९७४ सालीं केला. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ सिडने स्मिथ हे त्यांचे साह्यकर्ते होते. बर्कहार्ट हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. आपल्या देशांतील विद्वत्परिषदेच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाल्यावर, जेव्हां सामान्य मनुष्य विसाव्याची जागा शोधतो, तेव्हां त्यांनीं हें ओझें उचललें. ते २००७ सालीं वारले. शेवटचा खंड पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. पण घडी अशी बसवून दिली होती कीं, मागून आलेल्या संपादकांनीं काम तडीस नेलें. आम्हीहि निवृत्तिवेतनावर दिवस काढणारे असल्यामुळें या गोष्टीचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें, हें लपवीत नाहीं.

संग्रहाचा विस्तार ऐकून छाती दडपते. डार्विनचीं व डार्विनास आलेलीं मिळून सुमारे १५,००० पत्रें आज ठाऊक आहेत. पत्र लिहिणारे व घेणारे सुमारे २,००० लोक. त्यांत उमराव, पाद्री, माळी, कबुतरें पाळणारे, आरमारी अधिकारी, वसाहतींतील डॉक्टर आणि घरच्या बायकामुली सर्व आहेत. १८४२ पासून मरेपर्यंत डार्विन केंट परगण्यांतील डाउन या खेड्यांत राहिला. प्रकृति नेहमीं नरम. सभासंमेलनें त्यास सोसत नसत. अशा घरबशा मनुष्यानें पृथ्वीच्या पाठीवरील पुरावा गोळा केला तो टपालाच्या जोरावर. १८४० त इंग्लंडांत एका पेनीचें टपाल सुरू झालें, हें त्याच्या कार्याचें एक साधन म्हणावें लागेल. जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाशीं त्याचा जो पत्रव्यवहार १८४३ पासून अखेरपर्यंत चालला, त्याचींच पत्रें सुमारे १,४०० भरतात. जाति स्थिर नाहींत असें आपणांस वाटूं लागलें आहे, हें सांगतांना खुनाचा कबुलीजबाब दिल्यासारखें वाटतें, असें डार्विननें त्यालाच १८४४ च्या जानेवारींत लिहिलें. ग्रंथ छापून निघण्यापूर्वीं पंधरा वर्षें तो विचार एका मित्राच्या पत्रांत आला होता, ही गोष्ट पत्रांवांचून आपणांस कळली नसती.

आतां या आवृत्तीच्या आधीं काय होतें तें पाहूं. डार्विनचा मुलगा फ्रान्सिस यानें १८८७ सालीं 'चरित्र व पत्रें' या नांवानें तीन खंड काढले. पुढें १९०३ त ए. सी. सीवर्ड यांच्या साह्यानें 'आणखी पत्रें' म्हणून दोन खंड काढले. फ्रान्सिस हा प्रामाणिक संपादक होता. पण तो मुलगाहि होता. हयात लोकांस झोंबेल असा मजकूर त्यानें गाळला, घरगुती मजकूर कापला. बापाचें आत्मचरित्र त्यानेंच त्या ग्रंथांत छापलें. परंतु धर्मासंबंधीं कांहीं वाक्यें आईच्या व बहिणीच्या मनास लागतील म्हणून वगळलीं. तीं वाक्यें डार्विनची नात नोरा बार्लो हिनें १९५८ सालीं जागच्या जागीं परत बसविलीं. म्हणजे सत्तर वर्षें विद्वज्जन जें वाचीत होते तें डार्विनचें अर्धवट बोलणें होतें. आपल्याकडेहि घराण्याच्या मोठेपणास बाध येईल म्हणून कागद दडवून ठेवणारे व छापतांना ओळी गाळणारे वंशज आम्हीं पाहिले आहेत. फरक इतकाच कीं, डार्विनच्या घरीं गाळलेला मजकूर गाळणाऱ्यांनीं जाळला नाहीं.

जाळण्याचें काम स्वतः डार्विननेंच केलें होतें. फ्रान्सिसनें आपल्या प्रस्तावनेंत ही हकीकत दिली आहे. आलेलीं पत्रें डार्विन लोखंडी शिगांवर टोंचून ठेवी. शिगा थोड्या. त्या भरल्या म्हणजे कित्येक वर्षांचीं पत्रें काढून जाळावयाचीं आणि मोकळ्या झालेल्या शिगांवर पुन्हां टोंचावयास आरंभ करावयाचा, असा क्रम होता. त्यामुळें १८६२ पूर्वीं त्यास आलेलीं बहुतेक पत्रें नाहींशीं झालीं. नंतर घरच्यांनीं समजूत घातली तेव्हां तो महत्त्वाचीं पत्रें राखूं लागला. आपल्या जुन्या कचेऱ्यांतून तारेला कागद ओवीत, तोच हा प्रकार. चार शिगांच्या कमतरतेपायीं केवढा खजिना गेला! आणि हा मनुष्य निष्काळजी नव्हता. गवताच्या काडीचें टिपण जपून ठेवणारा होता. त्यास पत्रांतील माहिती हवी होती, पत्र नको होतें. संशोधक आणि संग्राहक यांच्या दृष्टींतला भेद इतका स्पष्ट दाखविणारें दुसरें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

मग १८६२ पूर्वींचीं जीं थोडीं आलेलीं पत्रें उरलीं तीं कशीं उरलीं? त्यांतलीं पुष्कळ उरलीं तीं डार्विननें कात्री चालविली म्हणून. पत्रांतील उपयोगाचा परिच्छेद कापून तो त्या त्या विषयाच्या बासनांत टाकी. शिगेवर उरलेला भाग आगींत गेला, बासनांतला तुकडा वांचला. नव्या संपादकांनीं हे तुकडे कागदाची जात, अक्षराचें वळण, शाई आणि कापलेली कड जुळवून जेथें शक्य तेथें पुन्हां एकत्र केले. ज्यानें फाटक्या बखरीचीं पानें ओळी जुळवून लावलीं आहेत, त्यालाच या श्रमाची किंमत कळेल.

संपादनाची रीत आम्हांस बहुतांशीं निर्दोष वाटते. मूळांतील शुद्धलेखन व विरामचिन्हें जशींच्या तशीं ठेवलीं आहेत. संपादकांनीं जें स्वतःचें घातलें तें चौकटी कंसांत आहे. मूळ लेखकाचा शब्द कोणता व संपादकाचा तर्क कोणता, याविषयीं वाचकाची फसगत होत नाहीं. पत्रलेखकानें खोडलेले व वर लिहिलेले शब्द वेगळ्या यादींत दिले आहेत. डार्विननें आलेल्या पत्रांवर ओढलेल्या रेघा व समासांत केलेलीं टिपणेंहि छापलीं आहेत. पत्र लिहिणारा एक, वाचणारा दुसरा. वाचणाऱ्याचें मन कोठें थबकलें हें या रेघांवरून दिसतें. मूळाला सोडून कांहीं लिहावयाचें नाहीं, ही जी मल्लिनाथाची प्रतिज्ञा आम्हीं वर्गांत मुलांस शिकविली, ती येथें अक्षरशः पाळलेली दिसली. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशीं जे परिचित आहेत त्यांस ही शिस्त नवी वाटणार नाहीं. परंतु पत्रांना ती इतक्या निष्ठेनें लावलेली विरळा.

रीतीची परीक्षा प्रसंगीं होते. म्हणून दोन प्रकरणें थोडीं विस्तारानें सांगतों.

पहिलें प्रकरण वॉलेसच्या पत्राचें. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा मलाया द्वीपसमूहांत प्राणी गोळा करीत फिरत असतां, टर्नाटे, फेब्रुवारी १८५८ अशी मिति घालून त्यानें एक निबंध लिहिला व तो डार्विनकडे पाठविला. डार्विन वीस वर्षें जो सिद्धांत मनांत घोळवीत होता, तोच त्यांत होता. डार्विननें तो निबंध चार्ल्स लायेल या भूगर्भशास्त्रज्ञाकडे धाडला. लायेल व हूकर यांनीं तो आणि डार्विनचे दोन जुने लेखांश लंडनच्या लिनियन सोसायटींत १ जुलै १८५८ रोजीं एकत्र वाचविले. त्यांपैकीं एक लेखांश डार्विननें ५ सप्टेंबर १८५७ रोजीं अमेरिकेंतील एसा ग्रे यास लिहिलेल्या पत्राचा होता. आपण हा विचार वॉलेसच्या निबंधाआधीं मांडला होता, याचा साक्षीदार म्हणून तें पत्र उभें करण्यांत आलें. शास्त्रांतील अग्रमान कोणाचा, हा वाद एका खासगी पत्राच्या मितीवर येऊन ठेपावा, यावरूनच पत्रांची योग्यता कळावी.

पण वॉलेसचें निबंधासोबतचें पत्र व निबंधाची मूळ प्रति दोन्ही हरवलीं आहेत. तें टपाल डाउनला पोंचलें कधीं? डार्विनच्या लायेलला लिहिलेल्या पत्रावर नुसता '१८' हा अंक आहे. महिना व वर्ष संपादकांनीं कंसांत पुरविलें आहे : जून १८५८. वॉलेसचा निबंध आपणांस आजच मिळाला, असें डार्विन त्यांत म्हणतो. इतक्यावर कोणी शंका घेतली नसती. परंतु वॉलेसनें त्याच बेटावरून बेट्स नांवाच्या स्नेह्यास लिहिलेलें एक पत्र लिफाफ्यासह उरलें, आणि त्या लिफाफ्यावर ३ जून १८५८ चा टपालाचा ठसा निघाला. दोन्ही पत्रें एकाच बोटीनें निघालीं असतील तर डार्विनचें पत्रहि जूनच्या आरंभींच पोंचलें असलें पाहिजे. मग मधले पंधरा दिवस तो काय करीत होता? या प्रश्नावरून १९७२ पासून मोठा गदारोळ झाला, आणि डार्विननें वॉलेसचे विचार चोरले येथपर्यंत कांहींची मजल गेली.

२०१२ सालीं जॉन व्हॅन वाय व कीस रूकमाकर यांनीं डच बोटींचीं वेळापत्रकें तपासून या प्रकरणाचा उलगडा असा केला : वॉलेसचें पत्र हें डार्विनच्या डिसेंबर १८५७ मधील पत्राचें उत्तर होतें. डार्विनचें तें पत्र टर्नाटेला ९ मार्चच्या बोटीनें आलें. त्याचें उत्तर त्याच बोटीनें जाणें संभवत नाहीं. तें एप्रिलच्या बोटीनें गेलें, आणि पुढच्या बोटींचे दुवे जोडीत गेलें असतां १८ जून हीच तारीख येते. आम्हांस हें विवेचन सबळ वाटतें. लिफाफ्यावरून केलेलें अनुमान काकतालीय न्यायाचें होतें : एका बेटावरून निघालेलीं दोन पत्रें एका बोटीनेंच निघालीं, असें गृहीत धरण्यास आधार नव्हता. तथापि वॉलेसनें वार्धक्यांत लिहिलेल्या आत्मचरित्रांत निबंध लगेच पुढच्या टपालानें पाठविल्याचें म्हटलें आहे, तें या उलगड्याच्या आड येतें. म्हणून पूर्वपक्ष अजून मोडला नाहीं असें मानणारेहि आहेत. आम्ही पन्नास वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षां त्याच दिवशींच्या पत्रांतील 'आज' या शब्दास अधिक प्रमाण मानतों.

येथें आमच्या मराठी कागदांचा एक गुण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या कारकुनांस पत्र पोंचल्याची पैवस्ती कागदावरच मांडण्याची संवय होती. पत्र निघालें केव्हां यापेक्षां पोंचलें केव्हां, यावर त्यांचा कटाक्ष असे. डाउनच्या घरीं पैवस्ती लिहिणारा एक साधा कारकून असता आणि तो कागद राहिला असता, तर चाळीस वर्षांचा वाद जन्मासच आला नसता. उलट, आपल्या पत्रांतहि तिथि व चंद्र असून साल नसणें हा नित्याचा प्रकार आहे. राजवाड्यांनीं १८९८ त आपला पहिला खंड काढला तेव्हांपासून साल ठरविण्याची हीच कसरत आपले संपादक करीत आले. पण आपल्यापैकीं कितीजण आपलें अनुमान कंसांत घालून वेगळें दाखवितात? पुष्कळ ठिकाणीं मूळांतील मिति कोणती आणि छापणाऱ्यानें घातलेली कोणती, हें आतां कोणासच सांगतां येत नाहीं.

हा दोष दुसऱ्यांच्याच माथीं मारून मोकळें होण्याचा आमचा हेतु नाहीं. तरुणपणीं एका गांवीं एका जुन्या घराण्याचीं चाळीसएक पत्रें आम्हीं दोन दिवस बसून उतरून घेतलीं. घाई होती, शाळेची रजा संपत आली होती. म्हणून पत्रांच्या पाठी उतरल्या नाहींत. पुढें त्यांतील एक पत्र छापलें, त्यास साल आम्हींच तर्कानें घातलें, आणि तो तर्क आहे असें सांगितलें नाहीं. कांहीं वर्षांनीं एका अभ्यासकानें तें साल चुकलें असल्याचा संशय सकारण मांडला. पाठीवरची पैवस्ती पाहण्यासाठीं आम्ही पुन्हां त्या गांवीं गेलों, तों घर विकलें गेलें होतें आणि बासन रद्दींत गेलें होतें. तें पत्र आजहि आमच्या नांवानें उद्धृत होतें. प्रत्येक वेळीं तें वाचतांना आम्हांस लाज वाटते.

दुसरें प्रकरण नांव नसलेल्या मायन्याचें. कार्ल मार्क्सच्या कागदांत डार्विनचें १३ ऑक्टोबर १८८० चें एक पत्र सांपडलें. एका ग्रंथाची अर्पणपत्रिका आपल्या नांवें करण्याची विनंति डार्विननें त्यांत सौजन्यानें नाकारली आहे. धर्मावर उघड हल्ला करणाऱ्या ग्रंथाशीं आपलें नांव जोडलें जाऊं नये, घरच्यांस तें दुःखदायक होईल, असें कारण दिलें आहे. १९३१ त तें रशियांत छापलें गेलें आणि मार्क्स आपला 'भांडवल' हा ग्रंथ डार्विनास अर्पण करणार होता, असा प्रवाद जगभर पसरला. मोठमोठ्या ग्रंथकारांनीं तो उचलला. पत्रावर मायना मात्र नुसता 'महाशय' एवढाच होता.

१९७५ च्या सुमारास लुईस फॉयर व मार्गारेट फे यांनीं स्वतंत्रपणें हा प्रवाद तपासला. डार्विनच्या कागदांत १२ ऑक्टोबर १८८० चें एडवर्ड अव्हेलिंग याचें पत्र निघालें. आपण डार्विनमतावर लिहिलेला ग्रंथ त्यासच अर्पण करण्याची परवानगी त्यांत मागितली होती. १३ तारखेचें पत्र हें त्याचें उत्तर. हा अव्हेलिंग पुढें मार्क्सची मुलगी एलिनोर हिच्याबरोबर राहत असे, आणि बापाचे कागद मुलीकडे आले होते. दोन माणसांचे कागद एका घरांत मिसळले. मार्क्सला डार्विननें एक पत्र लिहिलें होतें हें खरें. तें १ ऑक्टोबर १८७३ चें असून ग्रंथाची भेट पोंचल्याबद्दल आभार मानणारें आहे. त्या खऱ्या पत्रामुळें खोट्या समजुतीस आणखी बळ आलें. ज्या बासनांत पत्र सांपडलें त्या बासनाच्या धन्यालाच तें लिहिलें होतें, असें समजणें हा संग्राहकांचा नेहमींचा प्रमाद आहे. आपल्याकडे मायन्यांत बहुधा नांव, नातें व दर्जा सर्व येत असल्यामुळें अशी फसगत कमी. पण मायन्याचा तुकडा फाटलेलीं पत्रें आपणहि असेंच 'घराण्याचीं' म्हणून छापतों. आणि हें कोडें सुटलें तें दोन्ही बाजूंचीं पत्रें राखलेलीं होतीं म्हणून. एका बाजूचा पत्रसंग्रह म्हणजे भिंतीआडून ऐकलेलें संभाषण.

आतां आपल्या देशाकडे वळूं. डार्विनच्या पत्रलेखकांत हिंदुस्थानांतील माणसें थोडीं नाहींत. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अधिकारी एडवर्ड ब्लाइथ यानें १८५५ त पाळीव जनावरांविषयीं डार्विनास लांबच लांब पत्रें लिहिलीं. वॉलेसचा पहिला महत्त्वाचा निबंध वाचावा अशी सूचना करणारें ८ डिसेंबर १८५५ चें पत्रहि त्याचेंच. तसाच मद्रासचा वॉल्टर एलियट. या गृहस्थाचें नांव आमच्या वाचकांस दुसऱ्या कारणानें ठाऊक आहे. धारवाडच्या मुलुखांत नोकरीवर असतां त्यानें शेंकडों शिलालेखांच्या नकला करविल्या, आणि चालुक्यांच्या इतिहासाचा पाया घालणारा निबंध १८३७ त छापला. त्याच मनुष्यानें १८३९ सालीं, इंग्रज ज्यास 'दक्षिण मराठा प्रदेश' म्हणत त्या मुलुखांतील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. डार्विनची व त्याची गांठ १८५५ त ग्लासगोच्या विद्वत्सभेंत पडली. पुढें त्यानें मद्रासहून कबुतरांचीं व कोंबड्यांचीं कातडीं पाठविलीं. १८५९ च्या ग्रंथांत त्याचे आभार मानलेले आहेत. कबुतरांवरील एका जुन्या फारसी ग्रंथाचें भाषांतरहि डार्विनास त्याच्याकडून मिळालें. लेख वाचणारा आणि कबुतरें पारखणारा हा एकच पुरुष. आपण मात्र त्याचा एक अर्धा इतिहासाच्या खात्यांत आणि दुसरा प्राणिशास्त्राच्या खात्यांत टाकून दोन्ही अर्धवट ओळखतों.

तिसरें नांव महाराष्ट्रास अधिक जवळचें. मनोविकारांच्या बाह्य चिन्हांवर डार्विननें १८७२ त ग्रंथ लिहिला. त्यासाठीं १८६७ च्या आरंभीं त्यानें प्रश्नांचा एक छापील कागद देशोदेशीं धाडला. लाजतांना चेहरा लाल होतो काय, होकार देतांना मान कशी हलते, असे सोळा प्रश्न ग्रंथांत छापले आहेत. छत्तीस निरीक्षकांचीं उत्तरें आलीं. त्यांत मुंबई इलाख्यांतील तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत असलेला एच. अर्स्किन हा मुलकी अधिकारी होता. ग्रंथांत जिल्ह्याचें नांव 'अ‍ॅडमेडनगर' असें विद्रूप छापलें गेलें आहे. अर्स्किननें कळविलें कीं, युरोपियनांसमोर येथील लोक आपले मनोविकार झांकून ठेवतात, त्यामुळें खात्रीनें कांहीं सांगणें कठीण. त्यानें कानड्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडून माहिती मिळविली, आणि कांहीं बुद्धिमान् एतद्देशीय गृहस्थांचाहि सल्ला घेतला.

हे एतद्देशीय गृहस्थ कोण? ग्रंथांत न्यायाधीशाचें नांव आहे, त्यांचें नाहीं. साहेबापुढें रयत मन कां झांकते, हें साहेबास समजावून सांगणारा कोणी तरी चतुर मनुष्य १८६७ सालीं नगरास होता आणि त्याचें म्हणणें समुद्रापार जाऊन एका जगद्विख्यात ग्रंथांत मुरलें. जिल्ह्यांतल्या एखाद्या जुन्या घरीं, मामलतीच्या टिपणांत, किंवा इंग्रजी शिकलेल्या एखाद्या शिरस्तेदाराच्या रोजनिशींत या प्रश्नांची नक्कल किंवा उत्तराचा मसुदा सांपडण्याचा संभव आम्हांस अगदींच तुच्छ वाटत नाहीं.

आवृत्तीचे दोष सांगावयाचे ते याच ठिकाणीं सुरू होतात. ही रचना एका पुरुषाभोंवतीं केलेली आहे. जें पत्र डार्विननें लिहिलें वा डार्विनास आलें तें घ्यावयाचें. हूकरनें एसा ग्रेला जें लिहिलें तें, डार्विनविषयीं असलें तरी, नियमानें बाहेर. कोठें तरी मर्यादा घातलीच पाहिजे, हें आम्ही जाणतों. पण परिणाम असा होतो कीं, सूर्याभोंवतीं ग्रह फिरावे तशीं दोन हजार माणसें एकाभोंवतीं फिरतांना दिसतात. त्यांचे आपसांतले व्यवहार अंधारांत राहतात. आणि जे लिहीतच नव्हते, पण ज्यांच्या डोळ्यांनीं व हातांनीं हें सारें जमलें, ते शिकारी, माळी, दुभाषे, कातडीं वाळविणारे यांस तर पत्रलेखकांच्या यादींत जागाच नाहीं. त्यांचीं नांवें नसलीं तरी त्यांचे उल्लेख कोठें कोठें आले, याची एक स्वतंत्र सूचि शेवटच्या खंडास जोडली असती तर हिंदुस्थान, चीन व मलायांतील संशोधकांवर मोठे उपकार झाले असते.

दुसरा दोष क्रमाचा. पत्रें मितिवार आहेत. पण काम चालू असतां जुनीं पत्रें सांपडत गेलीं, तीं मधल्या मधल्या खंडांस पुरवण्या जोडून छापलीं. १८५७ पर्यंतचीं उशिरां मिळालेलीं पत्रें १८५८–५९ च्या सातव्या खंडाच्या शेवटीं आहेत. छापील खंड वाचणाऱ्यास एका सालासाठीं अनेक खंड उलगडावे लागतात. २०२२ पासून सर्व पत्रांचे पाठ संगणकावर सर्वांस मोफत वाचावयास मिळूं लागले, त्यामुळें ही अडचण पुष्कळ कमी झाली. खंडांची किंमत आमच्यासारख्यांच्या आवांक्याबाहेरची असल्यामुळें या औदार्याचा उल्लेख कृतज्ञतेनें करतों.

तिसरी गोष्ट संपादकांचा दोष नव्हे, संग्राहकांचा आहे. कांहीं पत्रांचा पाठ लिलावाच्या यादींत छापलेल्या चार ओळींपुरताच या आवृत्तींत आला आहे, कारण मूळ पत्र कोणाच्या तरी खासगी पेटींत गेलें. यादी करणारा गिऱ्हाइकास मोहविणाऱ्या ओळी निवडतो. शास्त्रास हव्या असलेल्या ओळी त्या नव्हेत. स्वाक्षरीसाठीं पत्राची शेपटी कापणारे, तिकिटासाठीं लिफाफा फाडणारे आणि किंमत उतरेल म्हणून नक्कलहि न देणारे संग्राहक आपल्याकडेहि आहेत. त्यांपैकीं कित्येक या त्रैमासिकाचे वर्गणीदार आहेत, म्हणूनच हें स्पष्ट लिहितों.

एकंदरीनें पाहतां हा ग्रंथ पत्रसंपादनाचा एक आदर्श म्हणून प्रत्येक संशोधन संस्थेनें अभ्यासावा, असें आमचें मत आहे. त्यांचें द्रव्यबळ आपल्यापाशीं नाहीं. पण त्यांच्या रीतींतील पुष्कळ भाग पैशावांचून उचलतां येण्यासारखा आहे. तर्कानें घातलेली मिति कंसांत घालण्यास खर्च पडत नाहीं. पत्राची पाठ, घडी, पैवस्ती, शिक्का व लिफाफा यांची नोंद करण्यास अधिक लागतो तो अर्धा दिवस. पत्र कोणाच्या घरीं, कोणत्या बासनांत, कोणत्या कागदांच्या शेजारीं मिळालें तें टिपून ठेवणें, आणि उत्तराचें पत्र दुसऱ्या घरीं आहे काय याची चौकशी करणें, हेंहि आपल्या हातचें आहे. ज्या सभासदांपाशीं नगर जिल्ह्यांतील १८६७ च्या सुमाराचे खासगी कागद असतील त्यांनीं ते एकवार उलगडून पाहावे, व छापील प्रश्नांचा इंग्रजी कागद किंवा त्याचा तरजुमा आढळल्यास मूळ न हलवितां, दोन्ही बाजूंची नक्कल करून, या त्रैमासिकाच्या संपादकांकडे पाठवावी अशी विनंति आहे. इत्यलम्.